गुत्त्यावरची वहिनी

लग्न होऊन आली तेव्हा तिला कळलं, की आपली झोपायची खोली गुत्त्याच्या बरोबर वर आहे. फळ्यांच्या फटींतून दारूचा वास, खुर्च्यांची खरखर, गोदीतल्या हमालांचं हसणं, सगळं थेट वर यायचं. तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. उठून जिन्यापर्यंत जायची, कान द्यायची, परत यायची.

एकदा ती धावतच खाली आली. "मामंजी, कोपऱ्यातल्या टेबलावर आता जुंपणार!"

सासरे वळेपर्यंत बाटली फुटलीच.

"आवाजावरून कळलं तुला?" त्यांनी विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी सुनेला काउंटरमागे उभं केलं. गुत्ता त्यांच्या वडिलांनी काढलेला. त्यात घरची बाई कधी उतरली नव्हती. लोकांनी नाकं मुरडली, मग हळूहळू सगळे तिला वहिनी म्हणू लागले. नवरा भिडस्त, तो मागची पिंपं सांभाळायचा. सासऱ्यांना मात्र ती देवासारखं मानायची.

सासरे गेले आणि धाकटा दीर गिऱ्हाइकांत बसू लागला. आधी गप्पांपुरता, मग ग्लास घेऊन. एका दुपारी जिन्यावरून कोसळून कपाळ फोडून घेतलं. टाके घालून आला आणि संध्याकाळी पट्टी बांधलेल्या डोक्याने पुन्हा काउंटरशी हजर.

"भावजी, आजपासून तुम्हाला इथे मिळणार नाही."

त्याच्या पुढ्यातला ग्लास तिने उचलून घेतला.

"दुकान माझ्या बापाचं आहे, वहिनी."

"असू दे. ओतणारी मी आहे."

तो तरातरा निघाला तो थेट मागच्या गल्लीत, मिशीवाल्यांच्या गुत्त्यात. तोही तितकाच जुना, पण दोन घरांत बोलणं नव्हतं. का, ते वहिनीला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस तिने काउंटर पुसून पुसून झिजवला. तिसऱ्या सकाळी नवऱ्याला न सांगता मागची गल्ली गाठली.

म्हातारे मिशीवाले ग्लास विसळत होते.

"काका, माझ्या दिराला देऊ नका. हात जोडते."

त्यांनी ग्लास पालथा ठेवला. "माझा थोरला तुमच्याकडे प्यायचा. असाच आलो होतो मी तुझ्या सासऱ्याकडे. त्याने मला पायरी चढू दिली नाही. म्हणाला, गिऱ्हाईक पळवायला आलास का? थोरला पुढच्याच वर्षी गेला."

मामंजी असं वागले असतील, यावर वहिनीचा विश्वास बसत नव्हता, आणि म्हातारा खोटं बोलत नाही हेही दिसत होतं.

"मी जाते," ती कशीबशी म्हणाली.

"थांब. नाही देणार त्याला. पण मी नको म्हटलेलं कुणाच्या घरचं माणूस तुझ्याकडे आलं, तर तूही द्यायचं नाहीस."

"नाही देणार."

दोन्ही दारं बंद झाल्यावर दीर बिथरला. गोदीपलीकडे जाऊन प्यायला, मारामारी केली, शेवटी तापाने फणफणून परतला. तिने आणि नवऱ्याने त्याला वरच्या खोलीत ठेवलं. तो थरथरायचा, तिला शिव्या द्यायचा, मग तिचाच पदर धरून रडायचा. बरा झाला, पण पुरता नाही. मधूनच घसरायचा. पुढे ट्रकच्या गॅरेजात लागला आणि वेगळा राहिला. सणावारीही तो वहिनीशी फारसा बोलला नाही.

गल्लीतल्या बायका मात्र आता मागच्या दाराने येऊन हळूच सांगायच्या, "वहिनी, आमच्याला नको देऊ." ती नाही द्यायची, मिशीवालेही नाही द्यायचे. गिऱ्हाईक आटलं. नवरा एकदा चिडलाही, "अशाने दुकान चालतं का?"

"नाही चालत," ती म्हणाली आणि ग्लास पुसत राहिली.

मिशीवाल्यांनी आधी दार लावलं. म्हातारे गेले तेव्हा ती त्यांच्या घरी पहिली पोचली. थोड्याच दिवसांत तिनेही गुत्ता विकला. खाली आता फरश्यांचं दुकान आहे. वर शांतता असते, तरी तिला बसवत नाही. संध्याकाळ झाली की चपला घालते आणि गॅरेजवरून चक्कर मारून येते. दीर ट्रकखाली काम करताना दिसला, की हाक न मारताच वळते.