फुटका चिंचोका

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. पडू नये याची मी बऱ्यापैकी काळजी घेतली. एरवी मी बोलका माणूस. जुन्या वाशीच्या गोष्टी सांगायला मला आवडतं आणि त्या गोष्टींत आमचं मंडळ हमखास येतं. पण एका जागी आलो की मी विषय असा काही बदलतो की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. सवयीने माणूस तरबेज होतो.

परवा भाचा आला होता. खारघरच्या एका कॉलेजात शिकतो. म्हणाला, मामा, आमच्याकडे सीनियर मुलांचा एक ग्रुप आहे, मला बोलावतायत, जाऊ का? त्यात फायदा काय? — आता या विषयावर माझ्याइतकं कोण बोलणार? मी बोलत सुटलो. एकही शब्द खोटा नव्हता. तो खूश होऊन गेला आणि मी चहाचा रिकामा कप हातात धरून तसाच बसलो. त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण फायदे खरे होते. खरे होते म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

आमचं मंडळ सत्तरच्या दशकात निघालं. वाशीत तेव्हा नव्या इमारती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, बाकी भराव आणि चिखल. खाडीपलीकडच्या कॉलेजात बसने जाणाऱ्या पोरांनी एकमेकांना धरून राहायचं ठरवलं, एवढीच सुरुवात. मी आत आलो तो ऐंशीनंतर. वडील मुंबईत कारकून, आम्ही गिरगावातली खोली सोडून इथे आलेलो, ओळख कोणाची नाही. मंडळाने मला काय दिलं? वरच्या वर्गातल्यांची जर्नल्स दिली, पुस्तकं दिली. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला पोरं रांगेत उभी राहिली, आणि त्यातल्या निम्म्यांना मी नावानेही ओळखत नव्हतो. कोणाच्या बहिणीचं लग्न असो, कोणाचं मयत असो, खुर्च्या लावण्यापासून खांदा देण्यापर्यंत मंडळ हजर. आणि सर्वांत मोठा फायदा म्हणजे नोकरी. मंडळातली जुनी मुलं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत लागली होती. त्यातले अनंतदादा एका केमिकल कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होते. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलासाठी ते शब्द टाकायचे. मात्र मुलगा मंडळातला हवा. बाहेरच्यासाठी ते कधी बोलले नाहीत.

आत येणं सोपं नव्हतं. आधी वर्षभर उमेदवारी — सतरंज्या घाला, चहा आणा, सीनियरने हाक मारली की धावा. मग एका रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर बैठक. प्रत्येकाच्या हातात दोन चिंचोके दिले जायचे, एक अख्खा आणि एक फोडलेला. पितळेचा तांब्या फिरायचा. मुलगा हवा असेल तर अख्खा टाकायचा, नको असेल तर फुटका. उरलेला गच्चीवरून खाली मातीत फेकायचा, म्हणजे कोणी काय टाकलं हे कोणालाच कळायला नको. एक जरी फुटका निघाला तरी मुलगा बाद, आणि बाद झालेल्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. कोणी टाकला हे विचारायचंही नाही. आम्हाला या पद्धतीचा मोठा अभिमान होता. किती सभ्य, किती गुप्त!

वसंताला मंडळात मी आणला. माझ्याच वर्गातला, कोपरखैरणे गावातला आगरी मुलगा. त्यांची शेतं नव्या शहरात गेली होती. आम्ही ज्या घरांत राहत होतो ती अशाच कोणाच्या तरी भातावर उभी होती, पण तेव्हा असं काही सुचत नसे. वसंता हुशार, मार्कांत माझ्या पुढे, आणि तोंडाळ. बैठकीत सगळ्यांच्या नकला करायचा. त्याची आई त्याच्याबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी पाठवायची, आणि भट-वाणी पोरंसुद्धा चटणी बाजूला सारून भाकऱ्यांवर तुटून पडायची. वर्षभरात तो सगळ्यांचा लाडका झाला. एक मोहन सोडून.

मोहन म्हणजे आमच्यातला कायमचा वाकडा. हसायच्या जागी हसायचा नाही. तो भर बैठकीत म्हणाला होता की हे वसाहतीतल्या मुलांचं मंडळ आहे, गाववाल्यांचं त्यांचं त्यांनी काढावं. त्यावर आरडाओरड झाली. मी सर्वांत जोरात ओरडलो. मोहनच्या अंगावर धावून गेलो, इतका.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात अनंतदादा मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "सुधीर, यंदा कंपनीत एकच जागा आहे. तुझं नाव डोक्यात होतं. पण वसंता आत आला की त्याला देऊ या. मार्क बघ त्याचे. शिवाय जमीन गेलीय त्यांची, गरज जास्त आहे. तुझं पुढच्या वर्षी बघू."

मी म्हणालो, "बरोबर आहे, दादा."

आणि बरोबरच होतं ना? मला ते तेव्हाही कळत होतं. घरी आलो, जेवलो, आईने विचारलं गप्प का, म्हटलं ऊन लागलं.

तुम्ही विचाराल, मी ठरवून गेलो होतो का? इथे मी स्वतःशीही फार वर्षं घोळ घातला. आयत्या वेळी हात चुकला असेल, असं म्हणून पाहिलं. पण फोडलेला चिंचोका एका बाजूने सपाट असतो, बोटांना डोळे मिटूनही कळतो. हात चुकायला जागाच नाही. शिवाय मुठीतलं दिसू नये म्हणून सर्वांत सैल बाहीचा शर्ट मी त्या सकाळी आठवणीने घातला होता. — ठरवून गेलो होतो. तांब्या माझ्यापुढे आला, मी फुटका आत टाकला आणि अख्खा गच्चीवरून खाली फेकला.

अनंतदादांनी तांब्या सतरंजीवर पालथा केला. तपकिरी चिंचोक्यांत एकच पांढरा. पोरांनी आधी तो पांढरा पाहिला आणि मग सगळे मोहनकडे पाहायला लागले.

मोहन उठून उभा राहिला. "मी नाही," म्हणाला. "मला बोलायचं होतं ते मी तोंडावर बोललो. पण सगळ्यांना हवाय तर असू दे म्हणून अख्खा टाकलाय." कोणाला ते पटलं नाही. जो तोंडावर विरोध करतो तोच आतूनही करत असणार, असं आम्हा सर्वांचं गणित. जो अंगावर धावून गेला त्याच्यावर कोण संशय घेणार? मी मान खाली घालून बसलो. एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मित्राला नाकारलं म्हणून माझं सांत्वन! मी ते करून घेतलं.

इथेच थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण बाद झालेल्याला निरोप द्यायचं काम, ज्याने त्याला आणलं त्याचं असायचं. वसंता खाली जिन्यापाशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. माझं तोंड बघूनच त्याला कळलं. त्याने पुडा मागे लपवला — मला वाईट वाटू नये म्हणून. वर माझीच समजूत घालत म्हणाला, "तू कनाला तोंड पारतंस? तुजा काय दोस हाय यान?" मग थोड्या वेळाने, हळूच, "कोनी रं टाकला?"

विचारायचं नाही, सांगायचं नाही, असा नियम होता. मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोणी माझ्यावर जोर केला नव्हता.

मी म्हणालो, "मोहनने. मी बघितलं."

मी बघितलं — हे दोन शब्द कशाला जोडले? मलाच कळत नाही. खोटं बोलायचंच तर पक्कं बोलावं, असं काही असेल.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नोकरी मला लागली. त्याच कंपनीत मी निवृत्तीपर्यंत होतो. घर झालं, लग्न झालं, तेही मंडळातल्याच एकाच्या बहिणीशी. वसंता तुर्भ्याच्या बाजारात एका गाळ्यावर कामाला लागला. बी.एस्सी. होऊन कांदे-बटाट्याच्या गोणी उतरवून घ्यायचा. त्याने कधी कुरकुर केली नाही आणि माझ्याशी मैत्रीही तोडली नाही. उलट माझ्या पहिल्या पगाराचा आनंद माझ्यापेक्षा त्यालाच जास्त झाला होता. मोहनशी मात्र पोरांनी बोलणं टाकलं. मंडळाचे सगळे फायदे त्याच्यापुरते बंद. त्याचे वडील गेले तेव्हा ज्या मंडळाने कोणाकोणाला खांदे दिले होते, त्यातली मोजकी मुलं त्याच्या दारी गेली. मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार, असं वाटलं असं म्हणू का? नाही. त्याच्या घरी गेलो तर लोक काय म्हणतील, हेच मनात होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा वसंताचं लग्न ठरलं. हळदीला अख्खं गाव लोटलं होतं. अंगणात मांडव, बँड, धवलारीण बायांची लग्नगाणी, आणि संध्याकाळपासूनच पंगती बसत होत्या. मी घरचा असल्यासारखा वावरत होतो. तेवढ्यात गर्दीतून मोहन आला. त्याला आमंत्रण नव्हतं. बारीक झाला होता. सरळ वसंतापुढे जाऊन उभा राहिला. वसंता पाटावर, अंगभर हळद लागलेला, मी त्याच्या शेजारी.

"वसंता, आज हे बोलू नये," मोहन म्हणाला. "पण पुन्हा गाठ पडेल न पडेल. तुझ्याविरुद्ध मी बोललो होतो, ते माझं चुकलं. पण फुटका चिंचोका माझा नव्हता. लोक मला खोटारडा म्हणतात, म्हणू देत. तू म्हणू नकोस."

वसंता गडबडला. "जाव दे रं, जुना झाला ता आता," म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. "पन यानी त बगलेला ना. काय रं सुधीर? यो आज माज्या मांडवान येऊन खोटा कनाला बोलंल?"

दोघेही माझ्याकडे बघत होते. नोकरी पक्की झालेली, लग्न झालेलं, मंडळही जवळपास मोडलेलं. खरं बोलून माझं काय जाणार होतं? एक वसंता. तेवढाच.

मी मोहनच्या खांद्यावर हात ठेवला. समजुतीच्या सुरात म्हणालो, "मोहन, झालं गेलं. आजच्या दिवशी तरी मान्य कर आणि मोकळा हो."

मोहनने माझ्याकडे पाहिलं. आधी नुसतं, आणि मग नीट. त्याला कळलं. इतक्या वर्षांत जे त्याला सुचलं नव्हतं ते माझ्या त्या एका वाक्याने कळलं. मला वाटलं, आता हा बोलणार. पण त्याने वसंताच्या हळदीने माखलेल्या, हसऱ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि माझा हात खांद्यावरून बाजूला केला. "सुखाचा संसार कर," एवढंच वसंताला म्हणाला.

वसंताला अजून माहीत नाही. आज हे लिहिलंय, कधी वाचेल तेव्हा वाचेल.

मोहन वळला तेव्हा वसंताची आई मागून हाक मारत राहिली, "अरं पोरा, जेवून त जा." तो थांबला नाही. मग तिने मला हाताला धरून पंगतीत बसवलं, आणि मी पोटभर जेवलो.