दोना फेलिस्मिना

लिस्बनमधल्या आमच्या रस्त्यावर फेलिस्मिना एकोणचाळीस वर्षं एकाच घरी कामाला होती. मालकीणबाई दोना कोंस्तांसा. त्यांची हाक माझ्या मटणाच्या दुकानापर्यंत ऐकू यायची, "फेलिस्मिना, दूध बघ."

माझ्या आजीच्या काळी 'दोना' फक्त सरदारघराण्यातल्या बायकांना म्हणायचे. पुढे डॉक्टरीणबाई, वकिलीणबाईही दोना झाल्या. मोलकरणीला मात्र नुसतं नाव.

मालकीणबाई वारल्या. पुतण्यानं घर विकलं आणि त्यांचा लोकरीचा कोट फेलिस्मिनाला देऊन टाकला. तिनं माझ्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. तो कोट घालून ती दुकानात आली, तेव्हा माझ्या तोंडून सहज निघालं, "काय देऊ, दोना फेलिस्मिना?"

तिनं मागे वळून पाहिलं. "कुणाला म्हणतेस?"

"तुम्हालाच. आता तुम्ही थोड्याच कुणाच्या नोकर आहात?"

"नुसतं फेलिस्मिना म्हण गं. बाई गेल्यापासून तशी हाक कुणीच मारत नाही."

मी हसण्यावारी नेलं. आईच्या वयाच्या बाईला तसं कसं म्हणायचं? माझं ऐकून पाववाला, पोस्टमन, सगळेच तिला दोना म्हणू लागले.

ईस्टरला ती उत्तरेला आपल्या गावी गेली. तिथे चुलतबहीण झुल्मिरा होती. लहानपणी दोघी एकाच पलंगावर झोपायच्या. तिथे काय झालं, ते परतल्यावर तिनंच मला सांगितलं.

झुल्मिरानं दार उघडलं, कोट पाहिला आणि घाईघाईनं हात पुसले. "या, दोना फेलिस्मिना."

"अगं, मी मिना."

"असं कसं? तुम्ही आता शहरातल्या."

टेबलावर इस्त्री केलेलं कापड अंथरून तिनं पाहुणीला एकटीला कोबीचं सूप वाढलं. स्वतः चुलीपाशी मांडीवर वाडगा घेऊन बसली.

"मीही वाडगा उचलून तिच्याजवळ गेले," फेलिस्मिना म्हणाली, "तर ती उठून उभीच राहिली. मग आले परत टेबलाशी."

आठवडाभर राहायला गेलेली बाई दुसऱ्याच दिवशीच्या गाडीनं परतली होती.

आता नुसत्या नावानंच हाक मारायची, असं मी ठरवलं. पण शनिवारी ती आली तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. जीभ वळेना. म्हटलं, "दोना फेलिस्मिना, कलेजी ताजी आहे."

"दे पाव किलो," ती म्हणाली.

पुढे सहा वर्षं ती वरच राहिली. दुपारी दुकान बंद करून मी पडले, की माझ्या डोक्यावर तिची पावलं वाजायची. खिडकीपर्यंत जायची, बराच वेळ तिथेच थांबायची.