पंडितनानांचा तळहात

उभी गाडी दिसली की पंडितनाना तिच्या पुढच्या मडगार्डवर तळहात ठेवायचे, अंगाचा सगळा भार टाकायचे आणि हात झटकन काढून घ्यायचे. गाडी कोणाची, आत कोण बसलंय, हे पाहण्याची त्यांना गरज वाटत नसे. गाडी एकदा वर येऊन जागच्या जागी थांबली, तर "जिवंत आहे" म्हणायचे. डुलत राहिली, तर मान हलवून "मेलेली आहे भो, मालकाला कळवा" असं सांगून पुढे चालू लागायचे. एकदा त्यांनी फुलांनी सजवलेली लग्नाची गाडी अशी दाबली. आत नवरदेव बाशिंग सावरत बसला होता. तो गाडीसकट चांगला चार वेळा खालीवर झाला. "नवरा ठीक आहे, शॉकअप गेलेत," नानांनी वरबापाला सांगितलं. त्या लग्नात आम्हाला पंगतीला कोणी बोलावलं नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावात मेहरूणला मी भाड्याच्या घरात राहत होतो आणि नाना शेजारी, स्वतःच्या. मी बँकेत कारकून. नानांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात नाना आणि अक्का, आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, कापडी टपाची जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार. इंदूरच्या कुणीतरी ती भंगारात काढली होती, नानांनी ती ट्रकवर घालून आणली आणि वर्षानुवर्षं खपून चालती केली. मला स्वतःला वेगाची भीती वाटते. उतार लागला की मी सायकलवरून उतरून चालतो. असल्या माणसाला नानांनी जोडीदार म्हणून का निवडलं, ते तेच जाणोत. बहुधा भिंतीवरून हाक मारली की येणारा मी एकटाच होतो.

अक्का धुळ्याकडच्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांनी आपली अहिराणी सोडली नव्हती. नाना फैजपूरचे, ते अक्कांच्या बोलण्याची नक्कल करायचे आणि अक्का त्यांच्या गाडीची टिंगल. "तुमनी गाडी म्हंजे सूप शे, सूप! माणूसले निस्तं पाखडी टाकस," असं म्हणून त्या दोन्ही हातांनी सूप हलवून दाखवायच्या. एकदाच त्या गाडीत बसून स्टेशनपर्यंत गेल्या होत्या. परत येताना टांगा केला.

नानांना त्या गाडीतून शर्यतीत उतरायचं होतं. त्यासाठी इंग्लंडात राहणाऱ्या एका शाळासोबत्याकडून त्यांनी चार शॉकअप मागवले. पार्सल आलं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. शॉकअप लाल रंगाचे होते आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक स्क्रू होता. नानांनी मला शेडमध्ये खाली बसवून समजावलं, "हे बघ. स्प्रिंग म्हणजे द्वाड पोर. एकदा उडी मारली की मारतच राहतं. शॉकअप त्याचा दंड धरून ठेवतो. आणि किती घट्ट धरायचं, ते या स्क्रूवर. इकडे फिरव, कडक. तिकडे फिरव, नरम." असले शॉकअप बसायला त्या गाडीत जागाच नव्हती. रशीदभाई वेल्डरांनी जाड पत्र्याचे कान कापून चासीला जोडले, आणि जोडताना म्हणाले, "नाना, इतनी मेहनत में तो एक बैलगाडी उडने लगती."

त्या हिवाळ्यात पुण्याकडच्या काही हौशी लोकांनी एका बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यत ठेवली होती. नाना मलाही घेऊन गेले. शर्यतीची गाडी कडक असावी, एवढं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी जाड स्प्रिंगा घातल्या आणि चारही स्क्रू शेवटपर्यंत आवळले. सरळ रस्त्यावर गाडी झकास पळाली. पहिल्या वळणावर जुनं काँक्रीट फुटलेलं होतं. तिथे ती टुणटुण उड्या मारत गेली आणि नाना स्टिअरिंग फिरवत असतानाच सरळ ज्वारीच्या शेतात शिरली. मी धावत पोहोचलो तेव्हा ते कानामागे ज्वारीचं पान घेऊन शांतपणे बसले होते.

"कडक गाडी आपलंच बोलत राहते भो," ते म्हणाले. "रस्ता काय म्हणतो ते ऐकतच नाही. चाक जमिनीला टेकलं पाहिजे. बाकी सगळं वरवरचं."

पुढे हे वाक्य ते कशालाही लावायचे. माझ्या साहेबांनी माझ्यावर आवाज चढवला, तर म्हणायचे, "कडक आहे, पहिल्या वळणाला शेतात जाईल." आणि साहेब खरंच गेले, गडचिरोलीला बदली होऊन. त्या दिवशी नानांनी पेढे वाटले.

वर्षभर ते स्क्रूंशी खेळत राहिले. रोज सकाळी मेहरूणच्या तलावामागच्या रस्त्यावर फेरी मारायची, परत येऊन गाडीखाली शिरायचं, केसभर फिरवायचं, पुन्हा फेरी. "यंदा शेतात जाणार नाही," असं ते भेटेल त्याला सांगत होते. आणि त्याच वर्षी अक्कांची पाठ दुखायला लागली.

आधी वाटलं, कापूस भरलेली गोणी ओढताना उसण भरली असेल. मग शेक झाले, लेप झाले, मुंबईच्या वाऱ्या झाल्या. दुखणं मणक्याच्या हाडात उतरलं होतं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या आणि जपा. स्टेशनवरून घरी आणायला नानांनी रुग्णवाहिका केली होती. स्प्रिंगांचे पाटे ताठलेली ती गाडी गल्लीत शिरली तेव्हा अक्कांचा आवाज मला घरात ऐकू आला. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. नाना मागचं दार उघडून उतरले. ती गाडी मात्र त्यांनी दाबून पाहिली नाही.

अक्कांनी त्यानंतर एकच गोष्ट मागितली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्का कधी चुकल्या नव्हत्या, आणि त्यांची म्हातारी आई अजून होती.

"माले बाकी काही नको," त्या नानांना म्हणाल्या. "आखाजीले मायनं घर दखाडा. झोका नको खेयाले. नुस्ती निंबनी सावलीमा पडसू."

डॉक्टर म्हणाले, एवढा रस्ता त्यांना सोसणार नाही. नानांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून पान्यांचा आवाज यायला लागला. मी भिंतीवरून डोकावलो, तर शर्यतीच्या जाड स्प्रिंगा अंगणात पडल्या होत्या आणि नाना मूळच्या स्प्रिंगा परत बसवत होते.

"चल," ते मला म्हणाले. "आतून तांब्या घेऊन ये. काठोकाठ भरून."

तो तांब्या मांडीवर धरून मी गाडीत बसलो. पाणी सांडलं की नुसतं 'हं' म्हणायचं, भाषण द्यायचं नाही, असा हुकूम होता. नानांनी चारही स्क्रू पार सैल केले होते. नरम म्हणजे सुख, असा आमचा दोघांचाही समज. पण सैल सोडलेली गाडी एका खड्ड्यात गेली की बाहेर आल्यावरही कितीतरी वेळ डुलत राहायची. एरंडोलपर्यंत माझं 'हं, हं' थांबलं नाही. चहाच्या टपरीवर उतरलो तेव्हा लोक माझ्या विजारीकडे बघून तोंड लपवत होते. मी चिडलो होतो. नाना चहाला शिवलेसुद्धा नाहीत. तांब्यात उरलेल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "तिचं दुखणं खड्ड्यात नाही भो. खड्ड्यानंतर जे हलत राहतं ना, त्यात आहे."

मग रोज तेच. थोडा स्क्रू आवळायचा, तांब्या भरायचा, निघायचं. धुळ्यापर्यंतच्या रस्त्यावरचे खड्डे त्यांना पाठ झाले. काहींना त्यांनी नावंही ठेवली होती; पारोळ्याच्या अलीकडचा एक मोठा खड्डा माझ्या बदली झालेल्या साहेबांच्या नावाने ओळखला जायचा. पाणी कमी सांडू लागलं. मला वाटलं, जमलं. पण एका संध्याकाळी नाना म्हणाले, "तू उतर. तुझ्यामुळे चुकतंय. तुझं वजन जास्त आहे."

त्यांनी घरातून ज्वारीचं एक पोतं आणलं. ते दोन्ही हातांवर उचललं, लहान मूल उचलावं तसं, आणि क्षणभर तसेच उभे राहिले. मग खाली ठेवलं, तोंड सोडलं आणि घमेलंभर ज्वारी काढली. पुन्हा उचललं. पुन्हा काढली. रोज अक्कांना अंथरुणावरून उचलून न्हाणीत नेणारे तेच हात होते, त्यांना वजन माहीत होतं. मी पाहत होतो आणि काय चाललंय ते मला उशिरा कळलं.

"नाना, पुरे झालं," मी म्हणालो.

"नाही भो. अजून हलकी आहे ती," ते म्हणाले आणि आणखी एक घमेलं काढलं.

पोतं अर्धंसुद्धा उरलं नव्हतं. मला रडू आवरेना, म्हणून मी तांब्या भरण्याच्या निमित्ताने आत गेलो. त्या दिवसापासून माझ्या जागी ते पोतं बसू लागलं आणि त्याच्या खोबणीत तांब्या. जुनी सीट काढून रशीदभाईंनी मागे कलणारी लांब सीट करून दिली, वर नव्या कापसाची गादी आली. या खेपेला रशीदभाईंनी थट्टा केली नाही. आणि एके दिवशी नाना परत आले, तांब्या माझ्या हातात दिला आणि पायरीवर बसले. तांब्या भरलेला होता.

आखाजीच्या आदल्या पहाटे, ऊन तापायच्या आत, आम्ही निघालो. पुढे नाना आणि अक्का. मागे जीपमध्ये सामान, मी, आणि चालवायला अक्कांचे धाकटे भाऊ दौलतमामा. हिरवी गाडी इतकी सावकाश चालली होती की सायकलवाले तिला मागे टाकत होते. मला इतका आवडलेला प्रवास दुसरा नाही, असं म्हणवत नाही. सगळा वेळ माझा जीव मुठीत होता. पण पुढून एकदाही आवाज आला नाही. पारोळा मागे पडला.

अक्कांचं गाव धुळ्याच्या अलीकडे, हायवेवरून आत वळलं की कच्च्या रस्त्याने. वळणावर बायका, पोरं उभी होती. म्हाताऱ्या आईला खाटेवर बसवून आणलं होतं, लेकीवरून ओवाळून टाकायला कोणाच्या तरी हातात भाकरतुकडा होता. हिरवी गाडी वळणाजवळ आली, आणि न वळता सरळ पुढे गेली.

"दाजी रस्ता इसरनात का काय?" मामा ओरडले आणि त्यांनी हॉर्न दाबला.

पुढच्या गाडीच्या खिडकीतून नानांचा हात बाहेर आला. तळवा खाली करून त्यांनी तो हवेत हळूच दाबला, मडगार्ड दाबावं तसा. गप्प. मामांचा हात हॉर्नवरून आपोआप निघाला. आम्ही जीप मागे मागे नेत राहिलो. धुळ्याची घरं दिसू लागली, तिथे नानांनी मोठा वळसा घेऊन गाडी फिरवली, आणि पुन्हा गाव ओलांडून पारोळ्याच्या दिशेने गेले. मग पुन्हा इकडे. वळणावरची माणसं प्रत्येक वेळी उठून उभी राहत होती. मामा घामाघूम झाले होते, आणि काहीतरी वाईट झालंय, ही एकच शंका आम्हा दोघांच्या मनात होती.

शेवटी गाडी वळणावर थांबली. मी जीपमधून उडी टाकून धावलो. अक्का डोळे चोळत होत्या.

"उनं का गाव?" त्यांनी विचारलं.

"हाई काय, आत्तेच उनं," नाना म्हणाले. नेहमीची नक्कल नव्हती ती.

मामा धापा टाकत आले. काही विचारायच्या आधीच नाना त्यांना हळू आवाजात म्हणाले, "निजेल व्हती ती." कित्येक रात्री अक्कांना अशी सलग झोप लागली नव्हती. थांबलं असतं तर जाग आली असती, आत वळलं असतं तर कच्च्या रस्त्याने आली असती. म्हणून ते चालवत राहिले.

आखाजी झाली. निंबाला झोके बांधले, पोरींनी गाणी म्हटली, आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या. अक्का सावलीत खाटेवर पडून होत्या आणि चुकलेल्या गाण्यात शब्द सांगत होत्या. चार-सहा दिवसांनी, आईच्या घरातच, त्या गेल्या.

दहावं-तेरावं झाल्यावर मी नानांना आणायला गेलो. अक्कांच्या जागेवर मी बसलो, तो रस्ता परत लागला, आणि त्यांनी एकही खड्डा चुकवला नाही. नावं ठेवलेले सगळे खड्डे एकामागून एक आले आणि ते त्यातून गेले.

"नाना, हळू," मी म्हणालो.

"आता कोणासाठी भो?"

त्यानंतर नानांनी कोणाचीही गाडी दाबून पाहिली नाही. शर्यतीचं बोलावणं पुन्हा आलं, ते गेले नाहीत. मीच एकदा म्हणालो, स्क्रू आवळून घ्या, निदान तलावाला फेरी मारून येऊ. ते म्हणाले, "राहू दे. ते माप तिचं आहे." पुढे काही वर्षांनी नानाही गेले, दुपारी दुकानात बसल्या बसल्याच. गाडी कोणीतरी मुंबईला नेली. तिथे स्क्रू फिरवले असतीलच.

मी आता चारचाकी चालवतो, भीतभीतच. पुढे एखादी गाडी उगाचच रेंगाळत असते, मागचे सगळे हॉर्नवर हॉर्न मारत असतात, शेजारी बसलेली बायको म्हणते, अहो, वाजवा ना. मी वाजवत नाही. आत कोणी निजलेलं असेल.