भागाबाईंची काळी बॅग

भागाबाई मीठ आणायला निघाल्या तरी हातात ती काळी बॅग असायची. नदीवर धुणं घेऊन गेल्या तर बॅग खडकावर, कीर्तनाला बसल्या तर मांडीशी. कुणाच्या मयतीला गेल्या तर तिथेही अंगणात, चपलांच्या शेजारी ती ठेवलेली. परगावचा पाहुणा विचारी, "ह्या कोण?" आमच्या बाजारगावातली माणसं सांगत, "दवाखान्यातली दाईबाई. सरकारी बॅगेची मिजास हाय, दुसरं काय!" मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मिजासी माणसं मला ओळखता येतात. नोकरीत दुसरं फारसं पाहायला मिळालं नाही. भागाबाई त्यांतल्या नव्हत्या.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मेहकर-साखरखेर्ड्याच्या मुलखात माणूस काय घेऊन कामाला निघाला आहे, यावरून तो ओळखू येई. पटवाऱ्याच्या काखेत तांबड्या फडक्यातलं दप्तर, न्हाव्याच्या खांद्याला धोकटी. वकिलाची पत्र्याची पेटी त्याचा कारकून उचली आणि डॉक्टरची बॅग शिपाई. माणूस जितका मोठा तितके त्याचे हात रिकामे. आता सगळ्यांकडे चेनच्या सारख्याच पिशव्या. विम्याचा एजंट कोण आणि मास्तर कोण, हे बोलायला लागेपर्यंत कळत नाही. आणि कळल्यावर वाटतं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

भागाबाईंच्या हाती प्रथम आलं ते सासूचं गाठोडं. त्यात विळा, सूत आणि हळदीची पुडी. तरुणपणी नवरा गेला, तेव्हा दाईपण करणाऱ्या सासूच्या मागे फिरून त्या शिकल्या. पुढे डिस्ट्रिक्ट कौन्सिलनं त्यांना शिक्षणासाठी अकोल्याला पाठवलं. परत आल्या त्या दिवशी त्यांनी ते गाठोडं चुलीत घातलं. मला म्हणाल्या, "त्या इळ्यानं किती लेकरं धनुर्वातानं गेली असतीन, देव जाने. शिकली नसती त सुखानं झोपली असती, भाऊ."

मग नागपूरहून बॅग आली. काळं जाड कातडं, पितळी कडी, वर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत खात्याचं नाव. ती भागाबाईंना देण्यासाठी मांडव घातला होता. कौन्सिलचे चेअरमन आमच्याच गावचे पाटील. त्यांनी एवढं लांब भाषण केलं की पुढच्या रांगेतले दोघे मामलेदाराच्या देखत झोपले. "ही नुसती बॅग नव्हे, हा नव्या युगाचा प्रकाश आहे," असं ते म्हणाले. साहेबाच्या मडमेसाठी आणलेला हार मडम न आल्यामुळे उरला होता. तो त्यांनी बॅगेला घातला. भागाबाई खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांच्यासाठी हार नव्हता.

बॅगेत कात्री, दोरा, साबण, कापूस होता आणि आतल्या कातडी कप्प्यात एक मोठी बाटली. बाळंतिणीचं रक्त थांबेना झालं तर द्यायचं औषध. ती भरून ठेवणं माझं काम.

पण नव्या युगाचा प्रकाश कुणाच्या दारात शिरेना. आमच्याकडे समज असा की, बाई अडली आहे हे जितक्या कानांवर जाईल तितक्या तिच्या कळा लांबतात. म्हणून घरात कुणाला सुरू झालं की शेजारणीलासुद्धा सांगत नसत. आणि ही बॅग तर रस्त्यानं निघाली की दवंडीच. बाया दाराआडून म्हणत, "भागाबाई, तुमी या, पन ते कायं धूड घरी ठेवा." म्हणून त्यांनी बांबूची टोपली काढली. खाली धुतल्या फडक्यात सामान आणि वर मेथी. एकदा रस्त्यात एका बाईनं मेथीचा भाव विचारला, तर त्यांनी खरोखर दोन जुड्या विकल्या. पण गावाला टोपलीही लवकरच कळली. "भागाबाईची मेथी कोनाच्या घरी गेली वं?" असं विहिरीवर विचारू लागले. शेवटी त्या कात्री-दोऱ्याची पुरचुंडी कमरेला खोचून मोकळ्या हातांनी जाऊ लागल्या. मी म्हटलं, "बाई, बॅग सरकारनं दिली आहे." त्या म्हणाल्या, "बॅग सरकारची हाय भाऊ, पोट लोकाईचं हाय."

कमरेला बाटली मावत नव्हती.

बुलढाण्याहून तपासणीला साहेब येत. दवाखान्याच्या खुंटीवरची बॅग उतरवून बघत आणि शेरा देत की बॅग उत्तम स्थितीत आहे. न वापरलेल्या वस्तू आणि न वापरलेली अक्कल पुष्कळ टिकते.

त्या दिवशी आमच्या गावचा बाजार होता आणि डॉक्टर बुलढाण्याला गेले होते. चेअरमनच्या घरची मोलकरीण दवाखान्याच्या मागच्या दारानं आली. त्यांच्या धाकट्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

"बाई, रिकाम्या हातानं बोलावलं हाय."

"अवं, पहिलटकरीन हाय ते. बाटली तरी घेऊ दे."

"मले नोका सांगू. पाटलीनबाई म्हने, बाजाराचा दिवस, साऱ्या गावाचे डोये रस्त्यावर. हातात काई दिसलं त दार नाई उघडत."

भागाबाईंनी बाटली लुगड्यात खोचून पाहिली. ती बाहेरून दिसत होती. त्यांनी ती काढून माझ्या टेबलावर ठेवली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि गेल्या.

दुपारी चेअरमनचा गडी धापा टाकत आला. "बाईनं बॅग मांगतली, बिगीनं!" मी बाटली कप्प्यात घातली, बॅग त्याच्या हाती दिली आणि सांगितलं, "बाजारातून सरळ पळ." चेअरमनचं घर बाजाराच्या पलीकडच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर. गडी मान हलवून निघाला. मी आत रोग्यांकडे वळलो.

तो बाजारातून गेलाच नाही. पाटलीणबाईंनी त्याला घोंगडी देऊन बजावलं होतं की झाकून आण, मागच्या वाटेनं आण. बॅगेवर घोंगडी घालून तो नाल्यात उतरला, कपाशीच्या वावरांतून गावाला वळसा घालून गोठ्याच्या बाजूनं शिरला. मुलगी सुखरूप झाली होती, पण सुनेचं रक्त थांबलं नव्हतं. बॅग पोचली तेव्हा ती उघडायचं काम उरलं नव्हतं. पाटलीणबाई सुनेच्या उशाशी बसून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी त पोरीच्या जीवासाठीच सांगतलं होतं वं बाई, कोनी पाहू नये म्हून..."

चेअरमन म्हणाले, ईश्वरेच्छा. सभांमधून त्यांना जी उत्तरं सुचत, त्यांतलं हेच त्यातल्या त्यात आखूड.

संध्याकाळी भागाबाई बॅग हातात घेऊन भर बाजारातून परत आल्या. बाकावर बसल्या. बॅग मांडीवर. म्हणाल्या, "बाटली भरेलच हाय, भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्या मीठ आणायला निघाल्या आणि हातात बॅग होती. त्याच्या पुढच्या दिवशीही. माणसं हसू लागली. कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणे मिजास चढली. शेवटी मीच विचारलं, "बाई, मिठाला बॅग कशाला?"

"काया कुत्रा रोज गल्लीतून फिरते भाऊ. त्याले कोनी इचारते का, काऊन चाल्ला, कोनाच्या घरी चाल्ला?"

मला कळायला थोडा वेळ लागला. त्या काळ्या कुत्र्यासारखी बॅग रोज, सगळीकडे दिसली की तिचा काही अर्थच उरत नाही. त्या कुणाच्या घरी बाळंतपणाला चालल्या आणि कुणाच्या घरी ताक मागायला, हे कुणाला सांगता येईना. हळूहळू दारं उघडू लागली, आणि बॅग आत जाऊ लागली. ती बाटली पुढे किती जणींच्या कामी आली, हे बाटली भरणाऱ्याला ठाऊक. मी एकदा तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "हाव. पन ते पोरगी त गेलीच ना."

टोमणे त्यांनी शेवटपर्यंत सोसले. एका बाजूला ओझं वाहून उजवा खांदा खाली आला होता. चेअरमन सभेत कौतुकानं सांगत, "आमच्या दाईबाईंना बॅगेचा केवढा अभिमान!" समोर बसलेल्या भागाबाई बॅगेची कडी चाचपत राहत.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो. बॅग उशाशी होती. कातडं फाटलं होतं, अक्षरं पुसली होती. दवाखान्यात नवी नर्स आली होती. तिच्याजवळ चेनची हलकी पिशवी होती. ही बॅग कुणालाच नको होती.

"मी मेल्यावर लोक म्हनतीन, बाई लय मिजासी होती," भागाबाई म्हणाल्या.

"मी खरं काय ते सांगीन."

"नोका सांगू." त्यांनी माझा हात धरला. "पाटलीनबाई जित्या हायेत अजून. त्या पोरीची लेक त्याईनंच वाढवली. त्याईले हे ऐकावं लागू नये."

भागाबाई गेल्या. शोकसभेत चेअरमन बॅगेच्या अभिमानाबद्दल बोलले, आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

गेल्या महिन्यात पाटलीणबाई वारल्या. म्हणून आज लिहिलं.