गार गादीवरचा नातू

"लेकराच्या मेंदूला जन्मताना ऑक्सिजन कमी पडला," नांदेडचे डॉक्टर म्हणाले. "याला एचआयई म्हणतात. तीन दिवस त्याला गार ठेवावं लागेल."

गार? आमच्या साखरा गावातली अर्धी लेकरं माझ्या पायांवर न्हालेली, माझ्या शेगडीवर शेकलेली. आणि माझ्याच नातवाला गारठवायचं?

लेकीची सुटका कळमनुरीत झाली. पोरगं रडलंच नाही. डॉक्टरांनी फुगा दाबून श्वास दिला आणि अँब्युलन्स बोलावली. जावई लेकीजवळ थांबले, मी लेकरासोबत नांदेडला निघाले.

या उपचाराला कूलिंग म्हणतात. तो जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. गार पाणी फिरणाऱ्या गादीवर ठेवून अंग साडेतेहतीस अंशांवर आणतात. त्यामुळे मेंदूची पुढची इजा कमी होऊ शकते. पण हमी कुणी देईना.

बाकड्यावर मला बसवेना. उठायचं, काचेतून बघायचं, पुन्हा बसायचं. संध्याकाळी त्याला झटका आला, औषध दिलं. डोळे मात्र उघडेनात.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. पाय हाताला थंडगार लागले. कळत होतं, तरी हात ऐकतील तर शपथ! सिस्टरची पाठ वळली आणि मी पिशवीतलं दुपटं त्याच्यावर घातलं. थोड्याच वेळात यंत्र ओरडायला लागलं.

"आजी, काहून पांघरलं? आमी मुद्दाम गार ठेवून राहिलो!"

"लेकरू गारठून राहिलं न बाई."

"त्येच औषध हाय त्याचं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन दिवसांनी त्याला हळूहळू ऊब दिली. पाचव्या दिवशी लेक आली, पोरगं छातीशी धरलं. "दूध ओढून राहिला, आई!" ती ओरडली. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूच्या फोटोत, थोडी इजा दिसली. दोन वर्षं तपासण्या आहेत. आता तो आठ महिन्यांचा आहे. मान धरतो, हसतो, पण डावी मूठ पुरती उघडत नाही.

"दुपट्यानं काई बिघडलं का?" मी डॉक्टरांना विचारलं होतं. "दोन मिनिटांनी काही होत नाही," ते म्हणाले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण ती मूठ दिसली की जीव थाऱ्यावर राहत नाही.

लेकीला हे दुपट्याचं मी सांगितलेलं नाही. आता इथे लिहिलेलं ती वाचेल. रागावली तर रागावू दे. पण बायांनो, लेकरू रडलं नाही तर माझ्यासारख्या जाणतीच्या हातात देऊ नका, दवाखाना गाठा.