राखमठाचे मठाधिपती

माझे मामा पंचवीस वर्षं बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. आवाज असा, की भलत्याच गाडीचं नाव ऐकूनही माणसं पिशव्या उचलायची.

रविवारी दुपारी मात्र आमच्या सोंगं घेऊन खेळायच्या खेळात ते मठाधिपती व्हायचे. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, फासे निघायचे. मामांचे दोन दोस्त, एक कंपाउंडर आणि एक ड्रॉइंगचे सर, आणि मी, असे आम्ही तिघे वीर. आणि समोर मामांनी रचलेला राखमठ. परलोकातून आलेले, चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार असलेले भिक्षू. नियम एकच: मठात दाखल झाला त्याने पुन्हा बोलायचं नाही, बोलणार ते फक्त मठाधिपती. मामा आवाज खाली उतरवून म्हणायचे, "या जगाची राख आम्हाला हवी आहे," आणि माझ्या अंगावर काटा यायचा. तेवढ्यात आतल्या खोलीतून मामी सांगायची, "आधी दूध बघा, उतू जातंय. मग बुडवा जग." महाराज मुकाट्याने उठून गॅस बंद करून यायचे.

दहा वर्षं आम्ही त्या मठाशी लढलो आणि एकदाही जिंकलो नाही. मामा पक्के लबाड.

मग मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला तो कायमचा. डॉक्टरांनी लिहायला पाटी दिली, ती मामांनी पलंगाखाली सरकवली. मामीने काही विचारलं की भिंतीकडे तोंड. सव्वा महिना हेच. "आजारपण परवडलं गं, हा अबोला नको," मामी मला म्हणाली. मला मामांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची, की हा माणूस आता असाच भिंतीकडे बघत राहणार.

एका रविवारी मी कंपाउंडरला आणि सरांना बोलावून घेतलं. टेबल पलंगाशी ओढलं, नकाशा पसरला. मामांनी पाठ फिरवली. कंपाउंडरने चिठ्ठी लिहून नकाशावर ठेवली: "माझा वीर मठात दाखल." सरांनी तेच लिहिलं, मीही. मामी चहासाठी दूध गॅसवर ठेवून आली, चिठ्ठ्या वाचल्या, पदराने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून तिनेही लिहिलं, "मी पण. खेळ येत नाही."

त्यानंतर कोणीच बोलेना. इंजेक्शन देतानाही ज्याचं तोंड बंद नसतं, तो कंपाउंडर ओठ आवळून लालबुंद झाला होता.

बऱ्याच वेळाने मामा या कुशीवर वळले. एकेक चिठ्ठी वाचली. फासे हातात घेतले, टाकले. मग एकदम नाक फुगवून वास घेतला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आम्ही आज्ञेची वाट बघत ढिम्म बसलेलो.

मामांनी कपाळावर हात मारला, वाकून पलंगाखालची पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "आधी दूध बघा. मग बुडवू जग."

दूध सगळं उतू गेलं. मामी पाटी हातात घेऊन तशीच बसून राहिली.