पाठीवरचा पंचनामा

भोकरदनला शिक्षिका म्हणून पहिल्या नेमणुकीवर गेले तेव्हा ज्यांच्या घरात मी खोली घेतली, त्या आत्यांचा या जगात कुणावरच विश्वास नव्हता. गवळी दूध घालून गेला की त्या नखावर थेंब टाकून तो कसा ओघळतो ते बघायच्या. शाळा किती वाजता सुटली हे मला विचारून झालं, की शेजारच्या भागाबाईंनाही विचारायच्या. "एकाचं ऐकायचंच न्हाई. दोघांला अलग अलग इचारायचं, मंग बराबर कळतं," असं त्यांचं म्हणणं. गल्लीत त्यांना पंचनामा आत्या म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं.

सत्तरी गाठत आलेल्या आत्यांचा सगळ्यात जास्त संशय स्वतःच्या कातडीवर. थंडी पडली की त्यांच्या पिंढऱ्या पांढऱ्या पडून तडकायच्या, खाजवून खाजवून रक्त निघायचं. "हा साबण मळ न्हाई, चामडं खाऊन राह्यला," म्हणत त्यांनी साबण बंद केला, डाळीचं पीठ आणि वर करडईचं तेल सुरू केलं. खाज खरोखरच कमी झाली, हे मला कबूल करावं लागलं. पण दंडावर उठणाऱ्या जांभळ्या डागांचा उलगडा त्यांना होईना. कातडी इतकी पातळ झालेली, की घागरीचा काठ लागला तरी डाग पडावा. त्यांना वाटे, झोपेत कुणीतरी चिमटे काढतं. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे हे कुणीतरी कोण ते उघड होतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी आत्यांची उजवी बाजू जळजळू लागली. दोन दिवस त्यांनी माझ्या आमटीला दोष दिला. तिसऱ्या दिवशी पाठीच्या कण्यापासून बरगडीवरून पुढे पाण्याच्या फोडांची रांग उठली. भागाबाईंनी बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. नागीण. तिची दोन्ही टोकं पोटाभोवती फिरून मिळाली की माणूस जातं, असं सगळी गल्ली मानायची. उतारा एकच, चावडीमागचा म्हातारा मंत्र म्हणत तिच्यावर काव, म्हणजे तांबडी माती, लावायचा.

पण आत्यांचं घर बौद्धांचं, माझ्या घरासारखंच. त्यांचे मालक छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि देव्हाऱ्यातले टाक त्यांनी केळना नदीत सोडून दिले. मालक वारले तेव्हा आत्यांनी त्यांना शब्द दिला होता, मंत्र-उतारा या घरात बिलकुल होणार नाही. "त्या म्हाताऱ्याला उंबऱ्यात घेणार न्हाई, मेले तरी," त्या म्हणाल्या. मंत्र सुटला होता, भीती सुटली नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं, फोड फोडू नका म्हणाले, आणि नागीण एकाच बाजूला राहते, कणा ओलांडून पलीकडे जात नाही, असंही समजावलं. घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, "त्यानं पाठ बघितली. मोजली का?"

मग मोजणी माझ्याकडे आली. रोज सकाळी पाठ उघडी करून त्या भिंतीकडे तोंड करून बसत आणि मी दोन टोकांमधलं उरलेलं अंतर वितीने मोजत असे. मला बाहेर काढून मग भागाबाईंची पाळी. भागाबाईंचा पंजा माझ्यापेक्षा मोठा आहे, हेही आत्या ध्यानात धरत. चौथ्या दिवशी पुढच्या बाजूला नवे फोड आले होते. आत्यांच्या पाठीचे मणके थरथरत होते. मला राहवलं नाही. कालच्याइतकंच आहे, असं मी सांगितलं.

भागाबाईंनी खरं ते सांगितलं. आत्यांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता शिव्या मिळणार. त्या अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, तू खोटं बोलली. म्हंजी मी जाणार, हे तुला ठाऊक हाय." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या, "जा. बोलव त्या म्हाताऱ्याला. जल्दी जा."

मी घराबाहेर पडले, पण चावडीकडे गेले नाही. स्टँडजवळच्या सलूनमधून गिऱ्हाइकाला मागचे केस दाखवायचा आरसा मागून आणला. आत्यांना भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि हा त्यांच्या तोंडासमोर धरला. "कुणाचं ऐकू नका. तुम्हीच बघा."

त्यांनी आरसा हातात घेतला, वरखाली केला. डावा हात मागे नेऊन कणा चाचपला. फोडांची रांग कण्यापाशी येऊन थांबली होती, पलीकडची कातडी स्वच्छ होती. बराच वेळ त्या बघत राहिल्या. "ही माझी पाठ?" त्या म्हणाल्या. "येवढी म्हातारी झाली, अन् मला पत्ताच न्हाई." मग आरसा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "राहू दे त्याला. नको बोलवू."

फोड पंधरा-वीस दिवसांत सुकले, पण आतली कळ पुढे कितीतरी महिने राहिली. माझी बदली झाली. चार वर्षांनी भागाबाईंचं पत्र आलं तशी मी गेले. आत्या अंथरुणाला खिळल्या होत्या, कमरेखाली जखम झाली होती. मला म्हणाल्या, "बघ."

मी बघितलं.

"आत्या, खोल आहे. हाडापर्यंत गेली आहे."

त्यांनी डोळे मिटले. "बरं," म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरून झोपी गेल्या. चौथ्या दिवशी त्या वारल्या.

तेव्हापासून आजारी माणसाशी मी खोटं बोलत नाही. माझ्या घरच्यांना मी निर्दय वाटते. वाटू दे.